दुखण्याचे मूळ अंगणात

वाचकहो, डॉक्टरच्या घरात आजार शिरत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती खोटा आहे हे माझ्याच घराची गोष्ट सांगून आज पटवून देणार आहे. ही गोष्ट सांगताना थोडी लाज वाटते. पण लाजेपोटी ती लपवली, तर हे सदर लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

आमचे घर एकलहऱ्यात आहे. वीज केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, गोदावरीही फार लांब नाही. आमच्या गल्लीत पाच घरे. वडिलांनी घर बांधले तेव्हा मागच्या अंगणात एक औदुंबर लावला. आज त्याचा बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. दर गुरुवारी आई त्याला पाणी घालते, दिवा लावते. उन्हाळ्यात सारी झाडे मरगळलेली असताना आमचा औदुंबर मात्र हिरवागार. येणारेजाणारे कौतुक करत आणि आम्हीही मान डोलवत असू. तो कशावर एवढा पोसला आहे, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात गल्लीतल्या मुलांना जुलाब सुरू झाले. एकाला, मग दुसऱ्याला, मग आमच्याच धाकट्याला. मी औषधे दिली, क्षारसंजीवनी दिली, पाणी उकळून प्या म्हणून सांगितले. पंधरवड्याने शेजारच्या घरातल्या दोन मुलांचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. त्या घरात त्यांची आत्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. आठवा महिना लागलेला. चार दिवसांनी तिची आई संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डॉक्टर, पोरीला अन्नाचा वासही नको झालाय. डोळे जरा बघता का?"

मी बॅटरी लावून डोळे पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला.

तिला त्याच रात्री नाशिकच्या एका रुग्णालयात दाखल केले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आमच्या भागातल्या आरोग्य सेविका ताई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, गावात सगळीकडे एकाच टाकीचे पाणी जाते. मग आजारी माणसे तुमच्याच गल्लीत का?"

तीन आठवडे मी रोगी तपासत होतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

ताईंनी पिशवीतून ओटी चाचणीची बाटली काढली. या चाचणीत पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर पाण्याला पिवळी छटा येते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळाचे पाणी पिवळे झाले. आमच्या घराच्या नळाचे पाणी जसेच्या तसे राहिले. म्हणजे टाकीतून निघालेले पाणी चांगले होते आणि आमच्या दारापर्यंतच्या दीडशे फुटांत त्यातले क्लोरिन कशाने तरी खाल्ले होते. घाण पाण्यात मिसळली की क्लोरिन तिच्याशी झुंजण्यात खर्च होते. नळात ते शिल्लक नसणे म्हणजे पाहरेकरी जागेवर नसणे.

मग आम्ही मागच्या अंगणातले ड्रेनेजचे चेंबर उघडले. आत पाणी काठोकाठ तुंबलेले होते. बांबूच्या कामटीने ढोसले तेव्हा काळपट, केसाळ, ओल्या जटेसारखे काहीतरी वर आले. प्लंबरने ते ओढले. हातभर निघाले, आणखी ओढले तर पुरुषभर निघाले. तो औदुंबराच्या मुळांचा जुडगा होता.

मुळे पाइपात शिरतात कशी?

मुळे पाइपाला भोक पाडून आत घुसतात, असे आपल्याला वाटते. धड असलेल्या पाइपाला कोवळे मूळ भोक पाडू शकत नाही. ते आधीपासून असलेल्या फटीतून शिरते, मग ती फट केसाएवढी का असेना.

जुन्या घरांत ड्रेनेजसाठी चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे, पाइप वापरलेले असतात. हा एकेक तुकडा साधारण दोन फुटांचा. वीस फुटांची लाइन टाकायची तर दहा तुकडे आणि त्यांच्यामध्ये सिमेंटने भरलेले सांधे. पाइप वर्षानुवर्षे टिकतो, पण सांध्यातले सिमेंट आक्रसते, तडकते. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत लाइन जागची हलते आणि सांधे उघडतात. उघड्या सांध्यातून सांडपाणी थेंब थेंब बाहेर झिरपते आणि भोवतालची माती ओली राहते.

झाडाची मुळे जमिनीत चहूकडे पसरत असतात. जिथे ओल, हवा आणि खत सापडते तिथे त्यांना भराभर फुटवे येतात. ड्रेनेजच्या पाइपात ही तिन्ही एकत्र मिळतात. पाणी आहे, पाइप अर्धा रिकामा असतो म्हणून हवाही आहे आणि मैल्यातले नत्र व स्फुरद म्हणजे आयते खत. दोऱ्याएवढे मूळ सांध्यातून आत जाते, आत गेल्यावर शेकडो तंतूंनी पसरते आणि पाइपात जाळे विणते. त्या जाळ्यात केस, चिंध्या, खरकटे आणि तेलकट साय अडकते. इकडे सांध्यातले मूळ जाड होत जाते आणि पाचर मारावी तसा सांधा आणखी फाकवते. म्हणून झाडाला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे की फट आपण ठेवलेली असते, झाड फक्त तिचा फायदा घेते.

वड, पिंपळ, उंबर, रबराचे झाड ही एका कुळातली मंडळी या कामात सर्वांत पटाईत. गुलमोहराची मुळे उथळ आणि दूरवर पसरणारी असतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी चेंबरच्या भिंतीत रुजते. दोन पानांचे ते रोप गोजिरे दिसते म्हणून आपण राहू देतो आणि पुढे तेच भिंत फोडते.

आधी दिसणारी लक्षणे

शरीरातला आजार जसा आधी सूचना देतो, तशी ड्रेनेजची लाइनही देते. आमच्या घरी दोन पावसाळे ती देत होती. संडासात पाणी टाकले की मोरीत गुडगुड आवाज येई. न्हाणीघरातले पाणी हळू उतरे. आईने दोनदा सांगितलेही, "अरे, मोरी बोलायला लागली आहे." मी मनावर घेतले नाही. माणूस बोलावून कामटी मारून घेतली, पाणी वाहिले आणि विषय संपला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

आपल्या घरात पुढील गोष्टी दिसल्या तर कानाडोळा करू नका.

एक, घरातल्या एकाच ठिकाणी नव्हे, तर मोरी, संडास, न्हाणीघर अशा सर्वच ठिकाणी पाणी हळू उतरू लागते. एकाच जागी तुंबत असेल तर दोष बहुधा त्याच जागच्या ट्रॅपमध्ये असतो. सगळीकडे तुंबत असेल तर तो मुख्य लाइनमध्ये असतो.

दोन, एकीकडे पाणी टाकले की दुसरीकडे गुडगुड होते.

तीन, साफ केलेली लाइन काही महिन्यांत पुन्हा तुंबते. हे सर्वांत खात्रीचे लक्षण. कामटीने मुळे नुसती बाजूला होतात किंवा तुटतात. तुटलेले मूळ छाटलेल्या द्राक्षवेलीसारखे पुन्हा फुटते.

चार, अंगणातला एकच पट्टा भर उन्हाळ्यातही ओला, हिरवा राहतो, किंवा तिथली जमीन खचते.

पाच, घरात वास येतो आणि डास व झुरळे वाढतात. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास हत्तीरोगाचा प्रसार करतो. फुटक्या लाइनीतून उंदीर-घुशी ये-जा करतात आणि त्यांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

गटाराचे पाणी नळात कसे येते?

"ड्रेनेज तुंबले तर वास येईल, पण कावीळ कशी होईल?" असे अनेक जण विचारतात. आमच्या गल्लीचे उदाहरण घ्या.

पाच घरांनी मिळून एकाच मिस्त्रीकडून काम करून घेतले होते. खोदाईचे पैसे वाचावेत म्हणून नळाची लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकाच चरात टाकली. मध्ये जेमतेम वीतभर अंतर, आणि त्यातही नळाची लाइन खाली. वर फुटके सांधे आणि खाली लोखंडी पाइप. वर्षानुवर्षे मैल्याच्या ओलीत राहून तो पाइप गंजला आणि एका जोडापाशी पाझरू लागला.

नळाला पाणी असते तेव्हा आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, त्यामुळे घाण आत येत नाही. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होत जातो आणि आत ओढ निर्माण होते. भोवतालच्या चिखलातले पाणी त्याच भोकातून आत खेचले जाते. त्यात कोणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर ही ओढ कितीतरी वाढते. आमच्या पाचपैकी तीन घरांत मोटर होती. त्यातली एक माझी.

म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ वा वासाचे पाणी पिण्यासाठी कधीही भरू नये. मात्र पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते शुद्ध आहे, असेही समजू नये. आमच्या नळाचे पाणी तांब्यात अगदी नितळ दिसत होते.

कोणते आजार होतात?

मैलामिश्रित पाण्यातून जुलाब, आमांश, पटकी, विषमज्वर, जंत आणि कावीळ हे आजार होतात. पटकी काही तासांत माणसाला कोरडा करते. जुलाब लागताच क्षारसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी. मूल असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पेंगू लागले किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी वाट पाहू नका.

पाण्यातून येणारी कावीळ दोन विषाणूंची, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. ए बहुधा लहान मुलांना होते. ई मोठ्या माणसांतही साथीने पसरते. ए ला दोन ते सात आठवडे आणि ई ला दोन ते आठ आठवडे शरीरात मुरायला लागतात. म्हणून आज डोळे पिवळे झाले तर शोध आजच्या पाण्याचा नव्हे, महिना-दीड महिन्यामागच्या पाण्याचा घ्यावा लागतो. आमच्याकडे आधी जुलाब आणि मागून कावीळ आली, ती याच कारणाने.

या विषाणूची ताकद देशाने फार पूर्वी पाहिली आहे. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत कावीळीची मोठी साथ आली. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागेपाशी नाल्याचे सांडपाणी आले आणि सुमारे २९ हजार माणसे कावीळीने पिवळी पडली. त्या वेळी पाण्यात क्लोरिन वाढवले गेले होते. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण कावीळीचा विषाणू निसटला. हा विषाणू ई होता, हे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. मैला पाण्यात मिसळल्यावर औषध ओतत बसण्यापेक्षा मिसळू न देणे महत्त्वाचे, हा त्या साथीचा धडा.

बहुतेक रोग्यांत ही कावीळ आपोआप बरी होते. गर्भवतीला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी शंभरातील वीस ते पंचवीस माता दगावू शकतात. म्हणून गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद पिवळी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नये, गळ्यात माळ घालून ती लांब होण्याची वाट पाहू नये, नाकात कसलाही रस टाकू नये. गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. आणि हळद खाल्ल्याने कावीळ वाढते ही समजूत चुकीची आहे. पिवळेपणा हळदीचा नसतो, यकृताच्या सुजेचा असतो. रोग्याला सोसेल तसे साधे, पुरेसे अन्न द्यावे.

काय करावे?

पहिले काम पाण्याचे. शंका येताच पिण्याचे पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर आणखी पाच मिनिटे ठेवा, झाका आणि ओगराळ्याने काढा. लाइनला थेट लावलेली मोटर काढा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून किंवा आरोग्य सेविकेकडून आपल्याच घरच्या नळाची ओटी चाचणी करून घ्या. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवे. घरची टाकी धुवून भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत घालावे. तासाभराने पाणी वापरावे.

दुसरे काम लाइनचे. सर्व चेंबर उघडून घरातून बादलीभर पाणी सोडा. ज्या चेंबरात पाणी तुंबते आणि पुढच्यात पोचत नाही, त्या दोहोंमध्ये अडथळा आहे. मुळे कापायची तर साध्या कामटीपेक्षा फिरत्या पात्याची स्प्रिंग किंवा जोरदार पाण्याचा फवारा मारणारे यंत्र चांगले. शहरात पाइपात कॅमेरा सोडून पाहण्याचीही सोय आता मिळते.

पण मुळे कापणे हे तापावर नुसती पॅरासिटामॉलची गोळी देण्यासारखे आहे. ताप उतरतो, रोग राहतो. सांधा बुजवल्याशिवाय काम पुरे होत नाही. तेवढा भाग खोदून फुटके पाइप काढा आणि पीव्हीसीचे लांब पाइप टाका. वीस फुटांत दहा सांध्यांऐवजी एकच सांधा राहतो आणि तोही रबरी रिंगचा किंवा सोल्युशनने घट्ट चिकटवलेला. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे एक फूट उतार द्यावा, हा जुना सोपा नियम. पाइपाखाली वाळू किंवा मुरूम नीट ठोकून घ्यावा, म्हणजे लाइन बसणार नाही. चेंबरला आतून गुळगुळीत गिलावा करावा.

तिसरे काम अंतराचे. नळाची आणि ड्रेनेजची लाइन कधीही एका चरात नको. दोहोंत दहा फूट अंतर असावे. लहान अंगणात ते जमत नसेल तर दोन्ही लाइनी दोन बाजूंनी न्या. एकमेकींना ओलांडावीच लागली तर नळाची लाइन वर आणि ड्रेनेजची किमान दीड फूट खाली असावी. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून पन्नास फुटांहून दूर हवी. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा आणि त्याच्या व्हेंट पाइपाला डास शिरू नयेत म्हणून जाळी बांधावी.

काय करू नये?

ड्रेनेज तुंबले की अनेक घरांत ॲसिडची बाटली ओततात. ॲसिडने जिवंत मुळे हटत नाहीत. उलट सांध्यातले सिमेंट खाल्ले जाते आणि फट वाढते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोड्याचे शिंतोडे डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. तसे झालेच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा. ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा पुष्कळ, त्यामुळे मोरचूद घरोघरी. बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद मुळे मारायला ड्रेनेजमध्ये टाकावा, असा सल्ला मलाही मिळाला. मोरचूदाने मुळे मरतात हे खरे. पण तो सेप्टिक टँकमधल्या मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारतो, धातूचे पाइप खातो आणि झिरपत ओढ्यानदीला मिळाला तर मासेही मारतो. आणि मुळे मेली तरी फट तशीच राहते. बागेत त्याचे काम आहे, अंगणातल्या गटारात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या सेप्टिक टँकच्या तोंडाशीही मुळांचा गुंता झाला होता. तो काढायला आलेल्या माणसाबरोबर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता. झाकण काढले न काढले तोच त्याने शर्ट उतरवला आणि पाय आत सोडला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, रोजचं आहे. पाच मिनिटांचं काम."

वाचकहो, त्या पाच मिनिटांत माणसे मरतात. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात आणि प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते आणि माणूस आत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. आत काडी ओढून पाहणे तर त्याहून घातक, कारण मिथेन पेट घेतो. सुरक्षेची साधने न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण भरपाईने कोणाचा मुलगा परत येत नाही. मैला उपसणारी गाडी बोलवा. तिला चार पैसे जास्त पडतात, ते द्या. आम्ही त्या मुलाला त्या दिवसाची पूर्ण मजुरी दिली आणि काम गाडीकडून करून घेतले.

झाड तोडायचे का?

गल्लीत बैठक बसली तेव्हा पहिली मागणी औदुंबर तोडण्याची झाली. ज्यांच्या घरची लेक रुग्णालयात होती, त्यांचा राग मला समजत होता. आई काही बोलली नाही, आत जाऊन बसली.

मी म्हणालो, "झाड तोडले तरी जुनी लाइन फुटकीच राहणार. नळाची लाइन तिच्याच खाली राहणार. आणि बुंधा तोडल्यावरही जमिनीतली मुळे कुजत राहून माती खचणार. आधी लाइनी बदलू. मग झाडाचे काय ते ठरवू." थोड्या वादानंतर सर्वांना ते पटले. पाचही घरांनी वर्गणी काढली. ड्रेनेजची लाइन औदुंबरापासून दूर, घराच्या दुसऱ्या अंगाने नेली आणि नळाची लाइन गल्लीच्या पलीकडच्या कडेने नवीन टाकली. जुनी लाइन दोन्ही तोंडांनी सिमेंटने बंद केली.

झाड खरोखरच धोक्याचे असेल तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड चालवू नका. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावातही आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. बुंध्याजवळची जाड मुळे मनाने तोडू नयेत. त्यांच्या आधारावर झाड उभे असते आणि वादळात ते घरावर येऊ शकते.

नवे झाड लावताना मात्र विचार करा. ड्रेनेज, नळ आणि पाया यांच्यापासून दहा फुटांच्या आत मोठे होणारे झाड नको. वड, पिंपळ, उंबर तर तीस फुटांहून दूर, मोकळ्या जागेत. लाइनीजवळ हिरवे हवेच असेल तर तगर, जास्वंद, कढीपत्ता अशी लहान झाडे लावा. आणि घराच्या लाइनी कुठून जातात याचा एक साधा नकाशा कागदावर काढून घरच्या कागदपत्रांत ठेवा. आमच्या वडिलांनी तो काढला असता तर औदुंबर दहा पावले पलीकडे लागला असता.

शेजारची लेक अकरा दिवस रुग्णालयात होती. त्या अकरा रात्री फोन वाजला की माझा हात थरथरायचा. बाराव्या दिवशी ती घरी आली आणि पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. ती मुलगी आता आजोळी आली की आमच्या औदुंबराखाली खेळते. तिला पाहिले की मला दर वेळी ताईंचा प्रश्न आठवतो, "तुमच्याच गल्लीत का?"

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. एका घरातले दुसरे माणूस जुलाबाने माझ्याकडे आले की औषध लिहिण्याआधी विचारतो, "मोरी नीट वाहते का? नळाचे पहिले पाणी कसे येते?" आपणही आज संध्याकाळी घरातले एक चेंबर उघडून पाहा. बादलीभर पाणी सोडा आणि ते कसे वाहते ते बघा. दहा मिनिटांचे काम आहे. मी ते दोन पावसाळे पुढे ढकलले आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकीला मोजावी लागली.